किरणांचा गुण कुणाला येतो?

श्रोतेहो, एकाच गावच्या दोन बाया आहेत असे धरून चाला. दोघींच्या स्तनात गाठ आली, दोघींची शस्त्रक्रिया झाली, आणि दोघींनी घरदार सोडून, शहरात नातेवाइकांकडे राहून किरणांचे उपचार घेतले. आपल्याकडे बायाबापड्या त्याला ‘शेक घेणे’ म्हणतात. दहा वर्षे लोटली. एक आज अंगणात नातवंडे खेळवते आहे. दुसरीची गाठ त्याच जागी पुन्हा उमटली. गाव म्हणते, ‘जिचे तिचे नशीब!’

नशीब हा शब्द फार सोयीचा आहे. तो उच्चारला की पुढे विचार करायला नको. पण शंभराहून अधिक वर्षे काही माणसे हा शब्द उच्चारायला तयार झाली नाहीत. किरण तेच, मात्रा तीच. मग गुण निराळा का? मी इतिहास शिकवणारा माणूस. औषध सांगण्याचा मला अधिकार नाही. पण या प्रश्नाचा इतिहास सांगण्याचा आहे, आणि तो आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या अंगणापर्यंत येतो.

१८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. त्यानंतर काही महिन्यांतच त्या किरणांनी कर्करोग बरा करण्याचे प्रयत्न सुरू झाले. १८९८ मध्ये मेरी आणि पिएर क्यूरी यांनी रेडियम शोधले. नवे शस्त्र हाती आले की ते कुठे चालवावे आणि कुठे नाही, हे कळायला वेळ लागतो. इथेही तसेच झाले. कुणाची गाठ लोण्यासारखी वितळली, तर कुणाची कातडी भाजली आणि गाठ जागची हलली नाही.

पहिले उत्तर १९०६ साली फ्रान्समधून आले. बेर्गोनिए आणि त्रिबाँदो या दोघांनी सांगितले की ज्या पेशी भराभर वाढतात, त्यांच्यावर किरणांचा घाव अधिक बसतो. पुढे १९५३ मध्ये इंग्लंडात ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की गाठीत प्राणवायू कमी असेल तर किरण बोथट होतात. मोठ्या गाठीच्या आतल्या भागात रक्त नीट पोचत नाही, आणि तिथल्या पेशी तगून राहतात. म्हणजे गुण येणे न येणे हे किरणांइतकेच गाठीच्या स्वभावावरही अवलंबून आहे, हे तोवर स्पष्ट झाले होते. प्रश्न एवढाच उरला, की गाठीचा स्वभाव आधी ओळखायचा कसा?

आता हे समजायला आपल्याला लांब जायला नको. सोलापूरचा रंगारी सगळा माल रंगात घालण्याआधी सुताची एक लहान लड बुडवून पाहतो. रंग कसा धरतो, यावरून त्याला सुताची जात कळते. प्रयोगशाळेतही नेमके हेच चालते. गाठीचा तुकडा मेणात बसवतात. त्या मेणाच्या वडीला ‘ब्लॉक’ म्हणतात. तिचा कागदाहूनही पातळ काप काचेवर घेऊन त्याला रंग देतात. ज्या पेशीत ठरावीक पदार्थ असेल, तिथे तपकिरी रंग धरतो. नसेल तिथे धरत नाही. अशा खुणेला शास्त्रज्ञ ‘बायोमार्कर’ म्हणतात. आपण तिला जैवखूण म्हणू.

गाठीचा तुकडा वाचण्याची ही विद्या आपल्याकडे रुजवणाऱ्यांत डॉ. व. रा. खानोलकर यांचे नाव पहिले. राँटगेनला किरण सापडले त्याच १८९५ साली त्यांचा जन्म गोमंतकात झाला. १९४१ मध्ये मुंबईला टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांनी वाहिली. डोळ्याला दिसते ती गाठ आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसते तो तिचा स्वभाव, हे ज्या पिढीने भारतीय डॉक्टरांना शिकवले, तिचे ते अग्रणी.

स्तनाच्या कर्करोगात तीन खुणा आज विशेष पाहतात. पहिली संप्रेरकांची. स्त्रीच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाला धरणारी जागा पेशीत आहे की नाही, हे ती सांगते. दुसरी ‘हर-टू’, १९८७ मध्ये अमेरिकेतील स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ही खूण जास्त असलेली गाठ अधिक उग्र असते. तिसरी ‘की-सिक्स्टीसेव्हन’, ती १९८३ साली जर्मनीतील कील शहरात सापडली, म्हणून तिच्या नावात गावाचे नाव आले. किती पेशी वाढीला लागल्या आहेत, हे ती सांगते.

इथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. शिक्षक बंधुभगिनींनी तो वर्गातही सांगावा. जमीन हलकी की भारी, हा एक प्रश्न. या जमिनीला अमुक खत लागू पडेल का, हा दुसरा. मंगळवेढ्याचा ज्वारी पिकवणारा शेतकरी या दोहोंत गल्लत करणार नाही. तसेच, दुखणे किती उग्र आहे हे सांगणारी खूण वेगळी, आणि किरणांचा गुण येईल की नाही हे सांगणारी वेगळी. पहिल्या जातीच्या खुणा आज पुष्कळ आहेत. दुसऱ्या जातीची, डोळे मिटून विश्वास टाकावा अशी एकही खूण अजून रोजच्या वापरात आलेली नाही.

पण वाट दिसू लागली आहे, आणि ती कशी दिसली ही हकिगत मला इतिहासाचा माणूस म्हणून फार मोलाची वाटते. डेन्मार्कमध्ये १९८२ ते १९९० या काळात स्तन काढलेल्या स्त्रियांचे दोन गट करून, एका गटाला किरण दिले आणि दुसऱ्याला दिले नाहीत. त्या गाठींचे ब्लॉक तिथे जपून ठेवलेले होते. पुढे त्यांतल्या १००० स्त्रियांचे ब्लॉक पुन्हा बाहेर काढून नव्या खुणांसाठी तपासले. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आला. ज्यांच्या गाठीत संप्रेरकाची खूण होती, त्यांचे आयुष्य किरणांमुळे वाढलेले दिसले. ज्यांच्यात ती नव्हती, त्यांच्यात तसा ठळक फायदा दिसला नाही. पाहा, १९०६ चा नियम इथे पुरा पडला नाही. भराभर वाढणाऱ्या गाठीच किरणांना अधिक वश होतील असे वाटावे, तर झाले वेगळेच.

मंडळी, ज्या प्रश्नाची कुणाला कल्पनाही नव्हती, त्याचे उत्तर वीस वर्षांपूर्वीच्या मेणाच्या वडीत जपलेले होते. जुन्या दप्तरात हेच घडते. पाटलाच्या वाड्यातला एखादा कागद त्या काळी क्षुल्लक असतो, आणि दोनशे वर्षांनी तोच इतिहास सांगतो.

याची दुसरी बाजूही आहे. जिला किरणांची गरजच नाही, तिला ते का द्यावे? कॅनडात ५५ वर्षे व त्यापुढील वयाच्या, लहान आणि सौम्य गाठ असलेल्या ५०० स्त्रिया या खुणांवरून निवडल्या. त्यांची गाठ काढली, संप्रेरकाविरुद्धच्या गोळ्या दिल्या, पण किरण दिले नाहीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात, पाच वर्षांत त्याच स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण शेकडा २.३ एवढेच निघाले. मात्र घाई नको. त्याच वर्षी ब्रिटनमधून ६५ वर्षांवरील स्त्रियांची दहा वर्षांची हकिगत आली. किरण न घेतलेल्यांत शेकडा ९.५ जणींचा रोग त्या जागी उलटला, घेतलेल्यांत शेकडा ०.९; जगण्याचे प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखे राहिले. म्हणून ‘शेक घ्यायचा की नाही’ हे आपल्या मनाने ठरवू नये. ते डॉक्टरांपुढे बसून, खुणांचा कागद समोर ठेवून ठरवावे.

आणि हा प्रश्न खेड्यातल्या बाईलाच जास्त जाचतो. शहरातली बाई उपचार घेऊन संध्याकाळी घरी येते. माढा-करमाळ्याकडच्या बाईला मात्र आठवडेच्या आठवडे बाहेर राहावे लागते. घरी गुरे असतात, पोरे असतात, मजुरी बुडते. ज्या दिवशी खात्रीची खूण सापडेल, त्या दिवशी सगळ्यात मोठा खर्च तिचाच वाचेल.

त्यासाठी नोंद हवी. आणि नोंदीच्या बाबतीत आपला जिल्हा मागे नाही. १९८७ साली बार्शीला ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत घेतली. खेड्यातला रोगी दवाखान्यात येईलच असे नाही. म्हणून नोंदणीची माणसेच गावोगाव गेली, पारावर बसली, लोकांशी बोलली. त्या बोलण्याने लोक लवकर दवाखान्यात येऊ लागले, हा त्यातला आनुषंगिक लाभ.

मग आपण काय करावे? गाठ दुखत नाही म्हणून ती लपवू नये. न दुखणारी गाठच अनेकदा घात करते. गाठ काढली तर ती टाकून देऊ नये. ती वेळेवर फॉर्मॅलिनमध्ये ठेवली नाही, तर तिच्यातल्या खुणा पुसट होतात. तपासणीचा अहवाल मागावा, त्यात संप्रेरक आणि हर-टू यांची नोंद आहे का ते विचारावे, आणि ब्लॉक कुठे आहे हे माहीत करून घ्यावे. बाईला वाचता येत नसेल, तर गावच्या मास्तरांनी किंवा बाईंनी तो कागद वाचून दाखवावा.

सातबाराचा उतारा आपण ट्रंकेत, कापडात गुंडाळून जपतो. घरच्या बाईच्या दुखण्याचा कागदही तिथेच ठेवा. आज त्यातली एखादी ओळ कुणाला पुरती उमगणार नाही. पण उद्या तिचा अर्थ लागेल, आणि मग त्या दोन बायांच्या गोष्टीत ‘नशीब’ हा शब्द उच्चारायची वेळ गावावर येणार नाही.