ई-पर्यटक व्हिसा आणि बालाघाट

परदेशी पर्यटकाला अल्प मुदतीच्या भारतभेटीसाठी ऑनलाइन मिळणारी प्रवेशपरवानगी. नेपाळ व भूतानच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. इतर बहुतेकांना तो लागतो. ही सोय २७ नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली आणि २०१५ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. पारपत्राची प्रत व छायाचित्र जोडून अर्ज करायचा, शुल्क भरायचे. मंजुरी ई-मेलने येते. ती म्हणजे व्हिसा नव्हे : बोटांचे ठसे घेऊन विमानतळावर पारपत्रावर शिक्का बसतो, तेव्हाच प्रवेश पक्का होतो.

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात या व्हिसाचा संबंध मुख्यतः कान्हा राष्ट्रीय उद्यानाशी येतो. उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार बैहर तालुक्यात आहे. नागपूर विमानतळ ई-व्हिसाच्या यादीत असला, तरी बरेच परदेशी पर्यटक दिल्ली-मुंबईला उतरूनच इकडे येतात. सफारीच्या आरक्षणात पारपत्र क्रमांक नोंदवावा लागतो व पहाटे फाटकावर मूळ पारपत्र तपासले जाते. व्हिसा नव्या आणि आरक्षण जुन्या पारपत्रावर, अशी गफलत महाग पडते. परदेशी पाहुणा उतरल्यावर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवण्याची जबाबदारी निवासचालकाची असते. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, उद्यान बंद असते.