हंसाबेनचं बडोदं
आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातले मराठी. सयाजीरावांचं नाव निघालं की गप्पा आवरत नाहीत. पण त्यांच्या नावाचं विद्यापीठ पहिली नऊ वर्षं चालवलं कुणी, हे त्या गप्पांत क्वचितच येतं. १९४९ साली, संस्थान मुंबई राज्यात विलीन होण्याच्या तोंडावर, हे विद्यापीठ स्थापन झालं. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता.

जन्म १८९७, वडील मनुभाई बडोद्याचे दिवाण. या नागर ब्राह्मण मुलीनं वैश्य असलेल्या डॉ. जीवराज मेहतांशी लग्न केलं. आडनाव बदलावं लागलं नाही, ज्ञातीत गहजब मात्र व्हायचा तो झालाच.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर असताना मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात त्यांनी 'ऑल मेन'चं 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' करायला लावलं, एवढंच हल्ली सांगितलं जातं. गोष्ट खरी आहे. 'मेन'मध्ये बायकाही आल्याच, असं खुद्द आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्टना वाटत होतं. पण माझ्या मते हंसाबेनचा खरा पिंड दिसतो तो डिसेंबर १९४७ मध्ये, जिनिव्हात. आयोगानं तिथे अंमलबजावणीसाठी वेगळा गट नेमला होता आणि अध्यक्ष त्या होत्या. हक्क डावलला गेला तर माणसानं दाद मागायची कुणाकडे, हा तिथला प्रश्न. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये जाहीरनामा मंजूर झाला, पण दाद मागण्याची सोय त्यात नव्हती.

घटना समितीतही तेच. समान नागरी कायदा न्यायालयात दाद मागता येईल असा हक्क असावा, हे त्यांनी अमृत कौर आणि मिनू मसानींबरोबर मतभेद नोंदवून सांगितलं. तो गेला मार्गदर्शक तत्त्वांत.

बडोद्यात मात्र कारभार त्यांच्या हाती होता. १९५० मध्ये ललित कला शाखा निघाली. तोवर कलाशाळांतून बहुतेक पदविकाच मिळे; इथे चित्रकाराला विद्यापीठाची पदवी मिळू लागली. शिकवायला इंदूरचे ना. श्री. बेंद्रे आले, शिल्पकलेला शंखो चौधुरी. पुढे ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख इथूनच बाहेर पडले.

गृहविज्ञान शाखाही त्यांच्याच कारकिर्दीतली, आणि ती मला बरीच वर्षं खटकत होती. राखीव जागा नाकारून १९३७ मध्ये मुंबई विधान परिषदेवर सर्वसाधारण जागेवरून गेलेली बाई मुलींना स्वयंपाक आणि शिवणाच्या शाखेत का धाडते? मग त्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय महिला परिषदेनं केलेली हक्कांची सनद वाचली. घर सांभाळणाऱ्या बाईचा नवऱ्याच्या कमाईत हक्काचा वाटा असावा, असं तीत आहे. घरकामाला काम मानायचं, तर ते शास्त्र म्हणून शिकवायलाही हवं. त्या शाखेमागे हाच हिशेब असावा. मुलगे तिथे फारसे फिरकले नाहीत, ही गोष्ट वेगळी.