व्हल्टी व्हेंजन्स (भारत व ब्रह्मदेशातील वापर)

व्हल्टी व्हेंजन्स हे दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी बनावटीचे, एक इंजिन व दोन आसने असलेले बॉम्बफेकी विमान होते. लक्ष्याच्या दिशेने जवळजवळ उभा सूर मारून बॉम्ब टाकण्यासाठी ते बनविले होते. अशा विमानास डाइव्ह बॉम्बर म्हणतात. ब्रिटनने ते युरोपातील युद्धासाठी मागविले, परंतु त्याचा प्रत्यक्ष वापर मुख्यतः भारताच्या पूर्व सीमेवर व ब्रह्मदेशात जपानी सैन्याविरुद्ध झाला. रॉयल एअर फोर्सच्या चार आणि भारतीय वायुदलाच्या दोन स्क्वॉड्रननी १९४३ व १९४४ या वर्षांत ते या आघाडीवर चालविले.

पार्श्वभूमी

व्हल्टी कंपनीने हा आराखडा मुळात फ्रान्सच्या मागणीवरून हाती घेतला होता. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला. जर्मनीच्या श्टुका विमानांच्या यशाने प्रभावित झालेल्या ब्रिटिश खरेदी आयोगाने ३ जुलै १९४० रोजी २०० विमानांची मागणी नोंदविली. पुढे तीत भर पडत गेली. पहिले उड्डाण ३० मार्च १९४१ रोजी झाले. नॅशव्हिल येथील कारखान्यात आणि परवान्याने नॉर्थ्रॉप कंपनीच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात उत्पादन होऊन सर्व प्रकारांची मिळून सुमारे १,९३० विमाने तयार झाली.

मात्र उत्पादन सुरू होईपर्यंत परिस्थिती पालटली होती. ब्रिटनवरील हवाई लढाईत श्टुका विमाने लढाऊ विमानांपुढे टिकत नाहीत, हे दिसून आले होते. त्यामुळे युरोपात व्हेंजन्सला आघाडीवरील काम मिळाले नाही. ब्रिटनमध्ये पोहोचलेली विमाने सरावाचे लक्ष्य ओढण्यासाठी वापरली गेली.

रचना

विमानाचे पंख १४.६३ मीटर व लांबी १२.१२ मीटर होती. १,६०० अश्वशक्तीचे राइट डबल सायक्लोन इंजिन त्यास बसविलेले असे. वैमानिकाच्या मागे बसणारा सहकारी दिशादर्शन करी आणि मागील मशीनगनही सांभाळी. पोटात ५०० पौंडांचे दोन व पंखांखाली २५० पौंडांचे दोन बॉम्ब नेता येत.

पंख विमानाच्या धडाला शून्य अंशाच्या कोनात जोडलेले होते. त्यामुळे उभ्या सुरात पंखांवर उचल निर्माण होत नसे, विमान रेषेतून सरकत नसे आणि नेम अचूक साधे. याच रचनेमुळे सरळ उड्डाणात मात्र विमानाचे नाक वर राही व वैमानिकास समोरचे नीट दिसत नसे. पंखांच्या वर व खाली उघडणारे जाळीदार अवरोधक सुराचा वेग आटोक्यात ठेवीत.

ब्रह्मदेश आघाडी

ऑक्टोबर १९४२ पासून भारतातील ८२ व ११० क्रमांकांच्या स्क्वॉड्रनना ही विमाने मिळू लागली; पुढे ४५ व ८४ क्रमांकांच्या स्क्वॉड्रनची भर पडली. पहिला हल्ला १९ मार्च १९४३ रोजी झाला. उष्ण व दमट हवेत इंजिनांचे तापणे, तेलाचा अतिरिक्त खप आणि इंधनाच्या टाक्यांची गळती यांमुळे प्रारंभी देखभाल करणाऱ्यांची कसोटी लागली. भारलेल्या विमानास लांब धावपट्टी लागे, हीही एक अडचण होती.

दाट जंगलात, टेकड्यांच्या माथ्यावर खणलेले जपानी मोर्चे वरून जाणाऱ्या विमानांतून टाकलेल्या बॉम्बना सहसा सापडत नसत. आपले व शत्रूचे सैनिक कित्येकदा अगदी जवळजवळ असत. अशा ठिकाणी व्हेंजन्सची अचूकता उपयोगी पडली. साधारणतः सहा विमानांचा गट लक्ष्यावर येई आणि एकामागून एक विमान सूर मारी. १९४४ च्या आराकान मोहिमेत, तसेच इंफाळ व कोहिमा येथील लढायांत या विमानांनी पायदळास साहाय्य केले.

भारतीय वायुदल

सातवी स्क्वॉड्रन विशाखापट्टणम येथे व आठवी तिरुचिरापल्ली येथे, दोन्ही १ डिसेंबर १९४२ रोजी स्थापन झाल्या. आठवी स्क्वॉड्रन निरंजन प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९४३ मध्ये चितगावजवळील डबल मूरिंग्ज येथून आराकानच्या लढाईत उतरली. निरंजन प्रसाद हे मूळचे भूदलातील अधिकारी होते व पुढे भूदलात मेजर जनरल झाले.

सातवी स्क्वॉड्रन हेम चौधरी यांच्या नेतृत्वाखाली मार्च १९४४ मध्ये आसामातील सिलचरजवळच्या उधारबंद येथे आली व इंफाळच्या लढाईत सहभागी झाली. १९६९ ते १९७३ या काळात वायुदलप्रमुख असलेले प्रतापचंद्र लाल हे याच स्क्वॉड्रनमध्ये होते. पुढे त्यांनी तिचे नेतृत्वही केले.

भारतीय वायुदलाने महायुद्धाच्या आरंभी वापिटीसारखी जुनी विमाने वापरली होती. त्या तुलनेत व्हेंजन्स हे नवे व अवघड यंत्र होते. ते चालविणारे वैमानिक आणि धावपट्टीवर त्याची निगा राखणारे तंत्रज्ञ या दोघांनाही आधुनिक बॉम्बफेकी विमानाचा अनुभव येथे मिळाला.

निवृत्ती व मूल्यमापन

व्हेंजन्सचे ब्रह्मदेशावरील अखेरचे उड्डाण १६ जुलै १९४४ रोजी झाले. ब्रिटिश स्क्वॉड्रननी त्यानंतर मॉस्किटो विमाने घेतली. सातव्या स्क्वॉड्रनला हरिकेन व आठव्या स्क्वॉड्रनला स्पिटफायर विमाने मिळाली. बॉम्ब टाकून पुन्हा स्वसंरक्षणही करू शकणारी लढाऊ विमाने उपलब्ध झाल्यावर केवळ सूर मारणाऱ्या विमानाची गरज उरली नाही.

ऑस्ट्रेलियाने मार्च १९४४ मध्येच ही विमाने आघाडीवरून काढून घेतली होती. यावरून व्हेंजन्सला अपयशी ठरविण्याची प्रथा आहे. ब्रह्मदेशातील अनुभव मात्र त्यास पूर्ण दुजोरा देत नाही. तथापि हे यश परिस्थितीवर अवलंबून होते. १९४३ च्या अखेरीस स्पिटफायर विमाने या आघाडीवर आली, जपानी लढाऊ विमानांचा धोका ओसरला आणि त्या संरक्षणाखालीच व्हेंजन्सला आपले काम करता आले.