पाळणाऱ्याचा चेहरा

हिंस्र जीव पाळण्याची हौस मनुष्यास पुरातन काळापासून आहे. या हौसेत भीतीची लज्जत असते. मात्र ती भीती दुसऱ्याच्या वाट्याची असावी, एवढीच पाळणाऱ्याची अट असते. ऑगस्टस बादशहाच्या काळी रोममध्ये वेडियस पोलिओ नावाचा एक धनिक होता. त्याने तळ्यात सर्पाकृती हिंस्र मासे पाळले होते. मेजवानीच्या वेळी एका गुलामाच्या हातून स्फटिकाचे पात्र फुटले, तेव्हा त्यास त्या माशांपुढे टाकण्याची त्याने आज्ञा केली. पाहुणा म्हणून आलेल्या बादशहाचे पाय धरून गुलामाने जीवदान मागितले नाही. दुसऱ्या कोणत्याही रीतीने मरण यावे, इतकेच मागितले! बादशहाने त्यास सोडविले, सारी स्फटिकपात्रे फोडविली व तळे बुजविण्याचा हुकूम दिला. ही हकीकत तत्त्वज्ञ सेनेका याने क्रोधावरील आपल्या ग्रंथात नमूद केली आहे.

जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाची 'सँडकिंग्ज' ही कथा वाचताना आम्हांस या पोलिओची आठवण होते. १९७९ साली 'ऑम्नी' मासिकात ती प्रथम प्रसिद्ध झाली आणि विज्ञानकथांचे ह्यूगो व नेब्युला हे दोन्ही बहुमान तिला लाभले. दूरच्या एका ग्रहावरील सायमन क्रेस नावाचा श्रीमंत गृहस्थ एका चमत्कारिक दुकानातून परग्रहावरील कीटकसदृश जीव विकत आणतो. पांढरे, काळे, तांबडे व नारिंगी अशा त्यांच्या चार टोळ्या काचेच्या टाकीत वाळूचे किल्ले बांधतात, आपसांत लढतात आणि अन्नदात्यास देव मानून त्याचा चेहरा तटांवर कोरतात. लढाया लवकर जुंपाव्यात म्हणून क्रेस त्यांस उपाशी ठेवतो, मित्रांस बोलावून पैजा लावतो. हळूहळू तटांवरील तो प्रसन्न चेहरा विद्रूप व क्रूर होत जातो. पुढे टाकी फुटते, आणि मग जे घडते ते वाचकाने मूळ कथेतच वाचावे.

मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये अनर्थाचे मूळ ज्ञानाच्या अतिलोभात आहे. क्रेसला ज्ञानाची तहान नाही. त्याला केवळ कंटाळा आलेला आहे. आमच्या मते या कथेचा खरा नवेपणा हाच होय. १९९५ साली 'दि आउटर लिमिट्स' या दूरचित्रवाणी मालिकेत तिचे रूपांतर झाले, तेव्हा नायकास शास्त्रज्ञ करण्यात आले. त्यामुळे कथा पुन्हा जुन्या वाटेस लागली, आणि रिकामटेकड्या वैभवावरील तिचा आरोप बोथट झाला.

'यथा राजा तथा प्रजा' हे वचन आपण राज्यकर्त्यांस ऐकवितो. येथे ते घरधन्यास लागू पडते. ते जीव जन्मतः सौम्य होते असे लेखक म्हणत नाही. परंतु त्यांचे क्रौर्य कोणत्या वळणाने वाढावे, हे क्रेसने ठरविले. दुकानदारीण त्याला सावध करते, पण तिच्या हाती सत्ता नाही. पोलिओच्या घरी त्या दिवशी बादशहा जेवावयास आला होता, म्हणून एक गुलाम वाचला. क्रेसच्या घरी येणारे पाहुणे पैजा लावणारेच होते. ज्याच्या अंगणात 'पुरे' म्हणणारा कोणी येत नाही, त्याने पाळलेल्या जिवाहून त्याच्या सत्तेचेच भय अधिक बाळगावे.