मूळ सूर आणि बदललेले सूर

जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘ओरिजिनल’ हा शब्द जितक्या सहजपणे उच्चारला जातो, तितक्याच सहजपणे आपण वाङ्मयाच्या वर्गात ‘मूळ संहिता’ म्हणून जातो. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच असतो : मूळ म्हणजे नेमके केव्हाचे?

जुन्या गिटार-अॅम्प्लिफायरचे पारखी आतल्या सुट्या भागांवरील आकडे वाचतात. अमेरिकन बनावटीच्या आवाज-नियंत्रकावर १३७६५१२ असा आकडा असेल, तर १३७ ही सीटीएस या उत्पादकाची खूण आणि उरलेले आकडे म्हणजे १९६५ सालचा बारावा आठवडा. एवढ्याने यंत्र १९६५ चे ठरत नाही. हा भाग मुळापासूनचा असेल, तर यंत्र त्या आठवड्याच्या आधीचे नाही, इतकेच ठरते. हस्तलिखिताच्या कागदावरून काळ ठरवतानाही हीच मर्यादा पडते.

आपल्याकडे अशी पारख पेटीची करावी लागते. दबें याने १८४० साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलेले हे वाद्य मराठी रंगभूमीवर आणि कीर्तनात इतके रुळले, की त्याचे परकेपण विसरले गेले. जुन्या पेटीतले सूर पॅरिसचे, जर्मन की मागाहून बसवलेले पालिताण्याचे, यावर तिचे मोल ठरते. भात्याचे कापड आणि चामडे विरतेच. ते बदलले म्हणून कोणी नाक मुरडत नाही. पितळी सूर मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. म्हणून जाणकार सूर उचलून खालच्या लाकडाचा रंग पाहतो, जुन्या भोकांशेजारी नवी भोके शोधतो. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला, तर १९३० नंतर कोणाचा तरी हात फिरला आहे हे उघड.

खरी गुंतागुंत कानशीच्या खुणांत आहे. सुराची जीभ टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. बारा समान भागांच्या युरोपीय सप्तकातला गंधार आपल्या गवयाच्या कानाला चढा लागे. तो घासून उतरवला जाई. अशा पेटीत धातू मूळचा असतो, स्वर नव्हे. याच अस्वस्थतेतून कृष्णाजी बल्लाळ देवल यांचा बावीस श्रुतींवरील ग्रंथ १९१० साली पुण्यात निघाला. अब्दुल करीम खाँ यांचे त्यांना साहाय्य होते; क्लेमंट्स यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये श्रुति-हार्मोनियमही तयार झाले. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत त्यावर वाद झडला. १९४० मध्ये तर ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमलाच दार बंद केले.

तेव्हा पेटी ‘मूळ रूपात’ आणण्याच्या हौसेने हे सूर फेकून दिले, किंवा पुन्हा घासून युरोपीय स्वरांत लावले, तर या वादाचा पुरावाच पुसला जाईल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेली ज्ञानेश्वरी वाचताना आपण त्यांचा हातही वाचत असतो. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने प्रक्षिप्त ठरवलेले श्लोक टाकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. पेटी दुरुस्त करणाऱ्यानेही काढलेले सूर पाकिटात घालून, तारीख लिहून, पेटीतच ठेवावेत. मूळ काय, याचा निर्णय चुकू शकतो. तो पुन्हा तपासण्याची वाट मात्र उघडी राहायला हवी.