नाणेघाटाचा रांजण आणि अरबी समुद्राचे प्रवाह

खर्डी गाव समुद्रापासून दूर. मग समुद्रप्रवाहांशी आपला संबंध काय, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर शेजारच्या मुरबाड तालुक्यात आहे. वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढून गेल्यास सातवाहनकालीन लेणे, ब्राह्मी शिलालेख आणि जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण दिसतो. कल्याण, सोपारा या बंदरांत उतरलेला माल या घाटाने जुन्नरला जाई. गलबते बंदरात केव्हा येणार, हे मात्र वारा ठरवीत असे.

पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून वाहतो. त्याच्या रेट्याने सोमालियाच्या किनाऱ्याचा प्रवाह उत्तरेकडे धावतो. त्याचा वेग ताशी सात किलोमीटरहूनही अधिक भरतो. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून येतो आणि प्रवाहही उलटतो. अरबीत ठरलेल्या हंगामाला ‘मौसम’ म्हणतात. आपले ‘मोसमी वारे’ त्यातूनच आले. अरब नाखवा इब्न माजिद याने सुमारे १४९० साली आपल्या ‘किताबुल फवाइद’ या ग्रंथात प्रवासाचे हे हंगाम तारखांनिशी लिहून ठेवले.

परंतु वाऱ्याचा जोर मुख्यतः वरच्या थरापुरता. खोल पाणी हलते ते वजनातील फरकाने. थंड वा खारे पाणी जड असल्याने खाली बसते. तांबड्या समुद्राचे अतिखारे पाणी बाब-अल-मंदेबचा उथळ उंबरठा ओलांडून एडनच्या आखातात खोल उतरते आणि पुढे अरबी समुद्रात पसरते. म्हणजे प्रवाहाची वाट तळही ठरवितो.

तो तळ सपाट नाही. मुंबईसमोर शेकडो किलोमीटर उथळ मंच आहे. १९७४ साली ‘बॉम्बे हाय’चे तेल तेथेच सापडले. पुढे तीव्र उतार, खोल मैदान आणि कार्ल्सबर्ग ही बुडालेली पर्वतरांग. १९३३-३४ साली ‘मबाहिस’ या इजिप्तच्या जहाजाने ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजली व ‘मरे’ पर्वतरांग उजेडात आणली. त्या मोहिमेत इंग्रज शास्त्रज्ञांच्या बरोबरीने हुसेन फौजी व अब्देल फत्ताह मोहम्मद हे इजिप्शियन शास्त्रज्ञही होते. १९६६ साली स्थापन झालेली गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हेच संशोधन पुढे नेत आहे.

पालकहो, नाखव्याने वारा पाहिला, पण पाहिलेले लिहून ठेवले म्हणून ते पाचशे वर्षे टिकले. आपल्या मुलामुलींना भूगोल केवळ गुणांसाठी पाठ करायला लावू नका. पहिला पाऊस कोणत्या तारखेला आला, वारा कोणत्या दिशेचा होता, एवढे तरी दरवर्षी वहीत टिपायला सांगा. विज्ञानाची सुरुवात तेथूनच होते.