मुळ्या-मोहरीच्या झणक्याचे शास्त्र
हॉर्सरॅडिश ही थंड हवेची वनस्पती. तिच्या मुळाला कडक हिवाळ्याची विश्रांती लागते. पेण-रोह्याची दमट हवा आणि तीन हजार मिलिमीटरांच्या घरातला पाऊस यांत ते पोसण्यापेक्षा कुजायचेच. लावण्याच्या खटाटोपात पडू नये. तिच्यातला झणका मात्र आपल्या परसातही मिळतो, कारण मोहरीकुळात त्यामागचे रसायन एकाच धाटणीचे आहे.

अख्ख्या मुळाला फारसा वास नसतो. गंधकयुक्त ग्लुकोसिनोलेट आणि मायरोसिनेज हे विकर आत वेगवेगळे साठवलेले असतात. किसले, ठेचले की दोन्ही एकत्र येतात आणि तिखट आयसोथायोसायनेट तयार होते. हॉर्सरॅडिश आणि काळ्या मोहरीतले चटकन हवेत उडते, म्हणून ते नाकाला झोंबते. पिवळ्या मोहरीतले बहुतांशी जिभेवरच राहते.

शेवग्याच्या मुळातही असाच तिखटपणा असतो. ब्रिटिश अमलात साहेबांच्या मुदपाकखान्यात हॉर्सरॅडिशऐवजी ते किसून वापरत. पण त्याच्या सालीत विषारी अल्कलॉइड असतात, तेव्हा ते खाऊ नये, असेच माझे स्पष्ट मत आहे. मुळा आणि मोहरी हाताशी असताना हा धोका कशाला?

भातकापणीनंतर वाफे खोल भुसभुशीत करून मुळा पेरावा. ढेकळे राहिली तर तो फाटे फोडतो. पेणच्या खारेपाटात गोड्या मातीचे उंच वाफे हवेत. पुसा चेतकी हे वाण साधारण 40 ते 45 दिवसांत काढणीला येते. ऊन वाढले, पाणी कमी पडले की तिखटपणा वाढतो, पण उशीर केला तर मुळा जून होऊन आतून पोकळ पडतो.

खरी मेख मोहरी फेसण्यात आहे. काळी मोहरी भरड वाटून तिच्यात थोडे गार पाणी घालावे आणि जोराने फेसावी. पाणी कढत असेल तर विकर मरते. फोडणीत तडतडलेली मोहरी नाकात जात नाही, तीही याच कारणाने. वाटीवर झाकण ठेवून दहाएक मिनिटांनी उघडले की वाफ थेट डोळ्यांत पाणी आणते. त्यानंतरच मीठ आणि लिंबू. आंबट आधी पडले तर विकराचे काम मंदावते. हॉर्सरॅडिश किसणारेही तीनेक मिनिटे थांबून मग व्हिनेगर घालतात ते यासाठीच.

मुळा सालीसकट किसावा, कारण सालीलगत तिखटपणा जास्त असतो. फेसलेल्या मोहरीत तो अगदी पाने वाढताना मिसळावा. त्याचा तिखट अंश पाण्यात लवकर विघटतो. रात्रभर डब्यात राहिलेल्या किसात झणका उरत नाही, नुसता उग्र वास राहतो.